‘ड्रॉ ऑन’ला मराठीत काय म्हणावे? : पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या उदाहरणांतून

इंग्रजी बातम्यांमध्ये, विशेषतः अर्थकारण, उद्योग आणि पाणीपुरवठा या विषयांवरील बातम्यांमध्ये, ‘ड्रॉ ऑन’ हे जोडक्रियापद वारंवार आढळते. एखाद्या साठ्याचा, निधीचा, कर्जमर्यादेचा किंवा अनुभवाचा उपयोग करून घेणे, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. घाईने केलेल्या भाषांतरात त्यासाठी ‘अवलंबून असणे’ हा एकच प्रतिशब्द सरसकट योजला जातो. तो पुष्कळदा चुकतो आणि ही चूक केवळ शैलीची नसते. साठा शिल्लक आहे की संपत चालला आहे, पैसा स्वतःचा आहे की कर्जाऊ, तो काढण्याचा हक्क आहे की ती केवळ सवलत आहे, ही बातमीतील मुख्य माहितीच या एका शब्दामुळे पुसली जाते.

या क्रियापदाच्या निरनिराळ्या अर्थच्छटा एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील, तर बेंगळुरूच्या वायव्येस असलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र त्यासाठी सोयीचे आहे. तेथील पाणी, कामगारांची बचत, लघुउद्योजकांची पत आणि तंत्रज्ञांचा अनुभव या चारही गोष्टींविषयी गेल्या काही वर्षांत बातम्या झाल्या आहेत. या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘ड्रॉ ऑन’ हे एकच क्रियापद चालते. मराठीत मात्र चार वेगवेगळी क्रियापदे लागतात.

शब्दाचे मूळ

‘ड्रॉ’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ओढणे असा आहे. फरफटत ओढणे या अर्थाचे ‘ड्रॅग’ हे क्रियापद त्याचेच भावंड होय. टेबलाचा ओढून उघडावयाचा ‘ड्रॉवर’, बँकेचा ‘ड्राफ्ट’ आणि ‘ओव्हरड्राफ्ट’ हे मराठीत रुळलेले शब्दही याच कुळातील आहेत. विहिरीतून दोराने पाणी ओढून वर काढणे, या क्रियेलाही इंग्रजीत ‘ड्रॉ’ असेच म्हणतात. त्यावरून पुढे खात्यातून पैसे काढणे, पगार उचलणे, अनुभवातून काही घेणे, असे अर्थ विकसित झाले.

मराठीत विहिरीतून दोराने पाणी काढण्याला ‘शेंदणे’ असा नेमका शब्द आहे. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हणही आपल्या परिचयाची आहे. ‘ड्रॉ ऑन’चे भाषांतर करताना ही म्हण ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. इंग्रजी क्रियापद पोहऱ्याविषयी बोलते. आडात किती उरले आहे, याविषयी ते मौन बाळगते. मराठी वाक्य लिहिताना मात्र आडाकडे पाहिल्यावाचून योग्य क्रियापद सापडत नाही.

‘अवलंबून’ हा शब्द पुढे का येतो, याचे कारण ‘ऑन’ या लहानशा शब्दात आहे. ‘ऑन’ म्हणजे ‘वर’ ही सांगड शाळेपासून मनात बसलेली असते. एकदा ‘पाण्यावर’, ‘निधीवर’, ‘अनुभवावर’ असे रूप लिहिले की पुढे ‘अवलंबून’ आपोआप येते. प्रत्यक्षात या जोडक्रियापदातील ‘ऑन’ मराठीत बहुधा ‘-तून’ किंवा ‘-मधून’ होतो, तर काही वेळा ‘च्या बळावर’ होतो. निधीतून, साठ्यातून, अनुभवाच्या बळावर, अशी रूपे आधी मनात आणली तर निम्मे काम होते.

पीण्याची ओळख

पीण्या हे बेंगळुरू ते तुमकूर रस्त्यालगत वसलेले औद्योगिक क्षेत्र आहे. १९७०च्या दशकात कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ आणि राज्याचे लघुउद्योग विकास महामंडळ यांच्यामार्फत त्याचा विकास सुरू झाला. यंत्रसामग्री, सुटे भाग, विद्युत उपकरणे, धातूंवर मुलामा देण्याचे काम, तयार कपडे अशा नाना प्रकारचे हजारो लहानमोठे कारखाने येथे आहेत. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी या मार्गाने पुण्याहून येणारा राष्ट्रीय महामार्ग बेंगळुरूत शिरतो तो याच परिसरातून. भोसरी किंवा शिरोली येथील औद्योगिक वसाहत पाहिलेल्या वाचकाला पीण्याचे चित्र अपरिचित वाटणार नाही. १ मार्च २०१४ रोजी संपिगे रस्ता ते पीण्या इंडस्ट्री हा मेट्रो मार्ग सुरू झाला आणि हे नाव शहराच्या नकाशावर अधिक ठळक झाले.

पाणी : शेंदणे, काढणे आणि उपसणे

समजा, एखाद्या इंग्रजी बातमीत असे वाक्य आले : ‘फॅक्टरीज इन पीण्या ड्रॉ ऑन ग्राउंडवॉटर.’ त्याचे ‘पीण्यातील कारखाने भूजलावर अवलंबून आहेत’ असे भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ते अपुरे आहे. एखादा माणूस मित्रावर अवलंबून असला म्हणून मित्र कमी होत नाही. भूजल मात्र कमी होते. म्हणून येथे ‘भूजलाचा उपसा करतात’ हीच रचना योग्य होय. ‘उपसा’ या शब्दात पाणी बाहेर काढण्याबरोबरच साठा रिता होण्याची सूचनाही आहे.

ही सूचना किती आवश्यक आहे, हे बेंगळुरूच्या भूगोलावरून कळते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, कठीण खडकाच्या पठारावर वसलेले आहे. खडकाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात जेवढे पाणी मुरते, तेवढेच कूपनलिकांना मिळते. महाराष्ट्रातील बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील शेतकऱ्याला ही मर्यादा नव्याने सांगण्याची गरज नाही. बेंगळुरू शहर जिल्ह्यात भूजलाचे जेवढे पुनर्भरण होते, त्यापेक्षा उपसा अधिक आहे. मार्च २०२४ मधील पाणीटंचाईच्या वेळी राज्य सरकारने दिलेल्या माहितीनुसार, शहरातील सुमारे १४ हजार कूपनलिकांपैकी ६ हजार ९०० कोरड्या पडल्या होत्या. पीण्यातील अनेक कारखाने कूपनलिका आणि टँकर यांच्याच पाण्यावर चालतात. त्यामुळे त्या टंचाईची झळ घरांप्रमाणे कारखान्यांनाही बसली.

पीण्याच्या बाबतीत पाण्याचा दुसरा प्रश्न गुणवत्तेचा आहे. मुलामा देण्याच्या कामात क्रोमियमची संयुगे वापरली जातात. या परिसरातील भूजलात क्रोमियमचे, त्यातही घातक अशा षट्संयुजी क्रोमियमचे प्रदूषण तपासण्यांत आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमचे प्रमाण लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा पीण्याची गणना गंभीर प्रदूषित क्षेत्रांत झाली होती. म्हणजे ज्या आडातून पाणी काढावयाचे, त्याच आडात सांडपाणी मुरते, अशी ही स्थिती आहे. ‘अवलंबून आहेत’ या शब्दांत यांतील काहीही येत नाही.

नदीच्या पाण्याविषयी मात्र ‘उपसा’ हा शब्द सर्वत्र चालेल असे नाही. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि मोठ्या उंचीवर चढवून आणले जाते. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी या योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि त्यातून दररोज ७७ कोटी ५० लाख लिटर अधिक पाण्याची सोय करण्यात आली. अशा बातमीत ‘शहर कावेरीचे पाणी घेते’ किंवा ‘शहराला कावेरीतून पाणीपुरवठा होतो’ ही साधी वाक्ये पुरेशी आहेत. येथे मुद्दा साठा रिता होण्याचा नसून स्रोत सांगण्याचा असतो.

बचत : काढणे आणि मोडणे

पैशाच्या संदर्भात ‘ड्रॉ ऑन सेव्हिंग्ज’ हा प्रयोग नेहमीचा आहे. मराठीत त्यासाठी ‘बचतीतून खर्च भागवणे’, ‘साठवलेले पैसे काढणे’, ‘पुंजी मोडणे’, ‘गंगाजळीला हात लावणे’ असे अनेक प्रयोग आहेत. ते समानार्थी नाहीत. ‘काढणे’ हा शब्द तटस्थ आहे. ‘मोडणे’ यात नाइलाज आहे. मुदत ठेव मोडतात, दागिने मोडतात. ‘गंगाजळीला हात लावणे’ यात, ज्याला हात लावावयाचा नव्हता त्याला लावला, असा भाव आहे. यांपैकी कोणता शब्द निवडावा, हे मूळ इंग्रजी वाक्यावरून नव्हे, तर बातमीतील परिस्थितीवरून ठरते.

एप्रिल २०१६ मधील बेंगळुरूच्या वस्त्रोद्योग कामगारांचे आंदोलन हे याचे ठळक उदाहरण आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत कामगाराच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम त्याच्या पगारातून जमा होते आणि मालकही तेवढाच वाटा देतो. मालकाच्या वाट्यातील काही भाग निवृत्तिवेतन योजनेकडे वळतो. नोकरी सुटल्यानंतर दोन महिने दुसरे काम मिळाले नाही, तर कामगाराला निधीतील सर्व रक्कम काढता येत असे. १० फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने यात बदल केला. कामगाराने स्वतःचा वाटा आणि त्यावरील व्याज काढावे, मालकाच्या वाट्याची रक्कम मात्र वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असे ठरवण्यात आले.

निवृत्तीसाठीची पुंजी मध्येच संपू नये, हा या बदलामागील विचार होता. परंतु कपड्यांच्या कारखान्यांतील कामगार बहुसंख्येने स्त्रिया आहेत. त्यांपैकी अनेक जणी काही वर्षे काम करून ते सोडतात अथवा कारखाना बदलतात. मुलांचे शिक्षण, घरातील आजारपण, लग्नकार्य, कर्जफेड अशा प्रसंगी एकरकमी हाती येणारा पैसा त्यांच्यासाठी हाच असतो. वयाच्या ५८ व्या वर्षाची वाट पाहणे त्यांना शक्य वाटले नाही. १८ एप्रिलला होसूर रस्त्यावर हजारो कामगार उतरले. १९ एप्रिलला आंदोलनाचे लोण तुमकूर रस्त्यावरील जालहळ्ळी आणि पीण्या या भागांतही पोहोचले. काही ठिकाणी त्याला हिंसक वळण लागले. त्याच दिवशी केंद्र सरकारने ही अधिसूचना मागे घेत असल्याचे जाहीर केले.

आता भाषांतराचा प्रश्न पाहू. ‘विमेन हू ड्रॉ ऑन देअर प्रॉव्हिडंट फंड’ या शब्दांचे ‘भविष्य निर्वाह निधीवर अवलंबून असलेल्या महिला’ असे भाषांतर केले, तर वाचकासमोर कोणते चित्र उभे राहते? कोणी तरी दिलेल्या निधीवर गुजराण करणाऱ्या आश्रित स्त्रिया, असे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. हा पैसा त्यांच्या वेतनातून आणि वेतनासोबत जमा झालेला, त्यांच्या श्रमाचा आहे. ‘आपल्या भविष्य निर्वाह निधीतून अडीअडचणीला पैसे काढणाऱ्या महिला’ असे लिहिले की मालकी कोणाची, हे स्पष्ट होते आणि आंदोलन कशासाठी झाले, तेही कळते. तो वाद पैशाच्या रकमेपेक्षा पैसे काढण्याच्या हक्काचा होता.

पत : उचल आणि मर्यादा

लघुउद्योजकांच्या बातम्यांत ‘ड्रॉ ऑन ए क्रेडिट लाइन’ हा प्रयोग येतो. बँक कारखानदाराला कॅश क्रेडिटची एक मर्यादा मंजूर करते. ती रक्कम एकदम हाती पडत नाही. कच्चा माल आणि येणी यांच्या हिशेबाने ठरणाऱ्या मर्यादेत, गरजेप्रमाणे पैसे काढावयाचे असतात आणि जेवढे काढले तेवढ्यावरच व्याज द्यावयाचे असते. मराठी व्यवहारात याला ‘उचल करणे’ असे म्हणतात. हा शब्द अचूक आहे आणि गावापासून बँकेपर्यंत सर्वांना समजतो.

‘मंजूर झालेले’ आणि ‘उचललेले’ यांतील फरक बातमीत कटाक्षाने राखावा लागतो. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात केंद्र सरकारने ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी उद्योगाकडे बँकेचे जेवढे कर्ज थकीत होते (येथे ‘थकीत’ म्हणजे बुडीत नव्हे, तर फेडावयाचे शिल्लक), त्याच्या २० टक्क्यांपर्यंत अतिरिक्त कर्ज विनातारण देण्याची आणि त्याला सरकारने पूर्ण हमी देण्याची ही योजना होती. पुढे तिची व्याप्ती वाढली आणि ३१ मार्च २०२३ पर्यंत ती चालली. ‘उद्योगांना ३ लाख कोटी रुपये मिळाले’ असे जाहीर झाल्या दिवशीचे शीर्षक म्हणूनच चुकीचे ठरते. ती कर्जाची कमाल मर्यादा होती. उचल त्यानंतर, एकेका बँकेतून, एकेका अर्जावर व्हावयाची होती. शिवाय ती परतफेडीची रक्कम होती, अनुदान नव्हते. पीण्यासारख्या ठिकाणच्या लहान कारखानदारासाठी या दोन शब्दांतील अंतर म्हणजे कामगारांचा त्या महिन्याचा पगार होणे किंवा न होणे, एवढे मोठे असते.

‘उचल’ या शब्दाविषयी एक सावधगिरी बाळगावी. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतात, तिलाही उचलच म्हणतात आणि ती पुढे श्रमांतून फेडावी लागते. त्यामुळे कामगाराच्या संदर्भात हा शब्द आला की कर्जाचा अर्थ ध्वनित होतो. कामगाराने स्वतःच्या निधीतून पैसे घेतले असतील, तर ‘उचल’ न म्हणता ‘काढले’ असेच म्हणावे.

शासकीय मराठीत याच अर्थाने ‘आहरण’ हा संस्कृत शब्द वापरला जातो. शासकीय कार्यालयांतील ‘आहरण व संवितरण अधिकारी’ हे पदनाम अनेकांनी ऐकले असेल. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९६९ मध्ये निर्माण केलेल्या राखीव साधनालाही ‘विशेष आहरण अधिकार’ असे म्हणतात. पदनामांत आणि पारिभाषिक संज्ञांत हा शब्द कायम ठेवावा. बातमीच्या सामान्य वाक्यात मात्र ‘काढणे’ किंवा ‘उचल करणे’ हेच सुबोध होय.

अनुभव : घेतल्याने न सरणारा साठा

पीण्यात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘इस्ट्रॅक’ या दूरमापन, मागोवा व आदेश जाळ्याचे केंद्र आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाभोवतीच्या कक्षेत गेले, तेव्हा त्याचे नियंत्रण येथूनच झाले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान २ च्या अवतरकाशी अखेरच्या टप्प्यात संपर्क तुटला, तोही येथील पडद्यांवरच दिसला. त्यानंतर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात सुखरूप उतरले.

‘चांद्रयान ३ ड्रू ऑन द लेसन्स ऑफ चांद्रयान २’ अशा वाक्यात अवलंबून असणे नाही, उपसा नाही आणि उचलही नाही. धडे वापरल्याने कमी होत नाहीत. येथे ‘चांद्रयान २ च्या अपयशातून घेतलेल्या धड्यांच्या आधारे’ किंवा ‘त्या अनुभवाच्या बळावर’ असे लिहावे. व्यक्तीच्या संदर्भात ‘अनुभवाची शिदोरी’ हा प्रयोग रूढ आहे. परंतु शिदोरी वाटेत संपते, हे लक्षात घेता तो जपूनच वापरलेला बरा. यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेला कारागीर नव्या मुलाला मायक्रोमीटर धरावयास शिकवतो, तेव्हा त्याचे कौशल्य कमी न होता एकाचे दोघांकडे जाते.

जवळची क्रियापदे

‘ड्रॉ ऑन’च्या आसपासच्या काही क्रियापदांशी त्याची गल्लत होते. त्यांतील फरक असे :

‘रिलाय ऑन’ : भिस्त असणे, विसंबून असणे. यात विश्वास आहे, प्रत्यक्ष वापर झालाच असे नाही. ‘कारखान्याची भिस्त टँकरवर आहे.’

‘डिपेंड ऑन’ : अवलंबून असणे. ‘अवलंबून’ हा शब्द याच क्रियापदासाठी राखून ठेवावा.

‘फॉल बॅक ऑन’ : नेहमीचा मार्ग बंद झाल्यावर दुसऱ्याचा आधार घेणे. ‘वीज गेल्यावर कारखान्यांना डिझेल जनित्राचा आधार घ्यावा लागला.’

‘बँक ऑन’ : भरवसा ठेवणे, हमखास मिळेल असे धरून चालणे. याचा बँकेतील पैशांशी संबंध असेलच असे नाही.

‘ड्रॉ डाउन’ : साठा खाली आणणे, घटवणे. यात घट स्पष्टपणे सांगितलेली असते.

‘रन आउट ऑफ’ : संपणे. ‘कारखान्यातील पाणी संपले.’ मराठीत येथे कर्ता बदलतो. माणूस पाण्याबाहेर धावत नाही, पाणी संपते.

याखेरीज ‘ड्रॉ ऑन’चे आणखी दोन अर्थ आहेत. ‘द इव्हनिंग ड्रू ऑन’ म्हणजे संध्याकाळ होत आली, आणि ‘ही ड्रू ऑन हिज सिगारेट’ म्हणजे त्याने सिगारेटचा झुरका घेतला. क्रियापदाची रूपे ‘ड्रॉ, ड्रू, ड्रॉन’ अशी चालतात. साठ्याच्या अर्थाने वापरताना कर्म नेहमी ‘ऑन’च्या नंतर येते. औपचारिक लेखनात ‘ऑन’च्या जागी ‘अपॉन’ येतो, अर्थ तोच राहतो.

तीन प्रश्न

थोडक्यात, बातमीत ‘ड्रॉ ऑन’ दिसताच भाषांतरकाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, वापरल्याने साठा कमी होतो का? होत असेल तर उपसणे, काढणे, खर्ची घालणे. होत नसेल तर आधारे, बळावर.

दुसरा, ते कोणाचे आहे? स्वतःचे असेल तर काढणे. बँकेचे किंवा सावकाराचे असेल तर उचल करणे.

तिसरा, हे नेहमीचे आहे की नाइलाजाचे? नेहमीचे असेल तर काढणे, वापरणे. नाइलाजाचे असेल तर मोडणे, हात लावणे.

या प्रश्नांची उत्तरे मूळ बातमीत नसतील, तर ती वार्ताहराला विचारून घ्यावीत आणि तेही शक्य नसेल तर ‘वापरले’ हा साधा शब्द लिहावा. तो मोघम असला, तरी खोटा ठरत नाही. पीण्याच्या कूपनलिकेत किती पाणी उरले आहे आणि कामगार स्त्रीच्या खात्यातील पैसा कोणाचा आहे, हे जाणून घेण्यासाठीच वाचक बातमी वाचत असतो. पोहऱ्याचे वर्णन करताना आड नजरेआड होऊ नये, एवढी काळजी घेतली तरी पुरे.